फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये (यात आपण क्लबचा मॅनेजर असतो) एकच करिअर सेव्ह, म्हणजे एकच चालू डाव, 20-30 सीझन कसा चालवायचा? माझं पाचव्या-सहाव्या सीझनलाच सगळं जिंकून होतं आणि बोअर होतं. कुठला क्लब घेऊ आणि कुठली टॅक्टिक वापरू?

"कुठली टॅक्टिक वापरू" हे वाचलं आणि पाचव्या सीझनला बोअर का होतं तेही कळलं. नेटवरून कोणाची तरी हाय प्रेसवाली 4-2-3-1 उचलायची, मँचेस्टर सिटी नाहीतर पीएसजी घ्यायची, दोन सीझनमध्ये चॅम्पियन्स लीग मारायची, मधेच एखादी मॅच हरली की रीलोड, म्हणजे आधीची फाइल उघडून तीच मॅच परत. मग बोअर नाही तर काय होणार? राग मानू नका, पण हेच सगळं मी आमच्या एका दोस्ताला कित्येक वर्षं ऐकवतोय, तो ऐकत नाही, आता तुम्ही सापडलात.

हा दोस्त म्हणजे माझा जुना रूम पार्टनर. लॅपटॉप माझा आणि तोंड त्याचं, अशी आमची वाटणी होती. स्वतःचे सेव्ह तीन सीझनच्या पुढे कधी गेले नाहीत, पण माझ्या सेव्हमध्ये कोणाला विकावं, कोणाला खेळवावं हे मागे बसून सांगायला कायम हजर.

तेव्हा मी एफएम 20 मध्ये (याच गेमचं 2020 चं व्हर्जन) डार्लिंग्टन घेतलं होतं. इंग्लंडच्या सहाव्या लेव्हलवर, नॅशनल लीग नॉर्थमध्ये. गेममध्ये डिफॉल्ट सेटिंगला इंग्लंडमध्ये याच्या खाली जाताच येत नाही. डार्लिंग्टनच का, तर त्या क्लबची खरी गोष्टच भन्नाट आहे. 2003 ला त्यांच्या तेव्हाच्या चेअरमनने 25 हजारांचं स्टेडियम बांधलं, चौथ्या लेव्हलच्या क्लबला, जिथे मॅचला काही हजार माणसं आली तरी खूप. त्याच वर्षाच्या शेवटी क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे जवळजवळ दिवाळखोर. 2012 ला तर सगळंच कोसळलं, फॅन्सनी पैसे गोळा करून नव्याने उभं केलं आणि थेट नवव्या लेव्हलपासून सुरुवात केली. वर येत येत 2017 ला प्लेऑफची (प्रमोशनसाठीच्या शेवटच्या मॅचेसची) जागा मिळवली तर ग्राउंडवर पुरेशा सीट्स नाहीत म्हणून खेळूच दिलं नाही. आधी खुर्च्या जास्त म्हणून मेले आणि नंतर खुर्च्या कमी म्हणून अडले. असा क्लब घेतला की गेममध्ये बोर्डाचा "आपण नवीन स्टेडियम बांधतोय" असा मेसेज आला तरी पोटात गोळा येतो. सिटीत ही मजा नाही.

पहिल्या दोन प्रमोशनचं काही सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. लोनवर पोरं आणायची, फ्री ट्रान्सफरवर म्हातारे आणायचे, नॉन-कॉन्ट्रॅक्टवाला (पक्क्या कराराशिवाय खेळणारा) चांगला खेळायला लागला की कोणीतरी त्याला फुकटात घेऊन जातो, आपण शिव्या घालायच्या आणि पुढे जायचं.

खरा सेव्ह सुरू झाला तो एका मार्चमधल्या युथ इनटेकला, म्हणजे वर्षातून एकदा अकादमीत नवीन पोरं येतात तेव्हा. त्यात एक लेफ्ट बॅक आला. नाव सांगत नाही, गेमने बनवलेलं कसलंतरी नाव होतं, आम्ही त्याला डावऱ्या म्हणायचो. दिसायला काहीच नव्हतं त्याच्यात. 20 पैकी क्रॉसिंग 6, हेडिंग 4, उजवा पाय नुसता चालायला दिलेला. पण डिटरमिनेशन 17 आणि पर्सनॅलिटी प्रोफेशनल. दोस्त म्हणाला, सोडून दे, पगार वाचेल. मी ठेवला, आणि कॅप्टनच्या मेंटरिंग ग्रुपमध्ये टाकला, म्हणजे सीनियरचा स्वभाव पोराला लागतो. सतराव्या वर्षी आमचा मेन लेफ्ट बॅक जखमी झाला म्हणून नाइलाजाने याला उतरवलं आणि मग तो बाहेर बसलाच नाही. आम्ही लीग वनला (तिसऱ्या लेव्हलला) पोचलो तोवर क्रॉसिंग 14 झालं होतं आणि वरच्या क्लबचे स्काउट दर मॅचला यायला लागले होते.

मग नेहमीचं नाटक सुरू. मोठ्या क्लबची बिड आली, मी नाकारली, डावऱ्या केबिनमध्ये हजर. मला मोठ्या लेव्हलला खेळायचंय. मी प्रॉमिस दिलं, या सीझनला प्रमोशन मिळवतो, थांब. थांबला. आणि आम्ही खरंच प्लेऑफ फायनलला पोचलो, वेम्बली. 120 मिनिटं 1-1, पेनल्टीज. सगळे मारतायत, त्यांचेही मारतायत, आणि शेवटी आमच्याकडून कोण आलं असेल? त्याने मारला तो क्रॉसबारवर.

दोस्त मागून ओरडला, "अल्ट एफ-फोर मार! अजून ऑटोसेव्ह झालेला नाही, मार!" म्हणजे गेम सेव्ह न करता बंद, मॅच झालीच नाही. माझा हात किबोर्डवर होता. खरं सांगतो, बोट सळसळत होतं. पण मी मॅच संपवली, बाहेर आलो आणि त्याच्या डोळ्यांदेखत कंट्रोल-एस मारून सेव्ह केलं. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. एका गेमसाठी! म्हणजे सेव्ह माझा, क्लब माझा, हरलो मी आणि तोंड फुगलं याचं.

आमचं भांडण तिथून सुरू झालं ते अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, गेम आहे, मजेसाठी खेळतो, हरायला बाहेर काय कमी जागा आहेत का? मी म्हणतो, हरत आलेला पत्त्यांचा डाव पुन्हा वाटून घ्यायचा, परत हरलो की परत वाटायचा, आणि शेवटी जिंकलो म्हणून टेबल बडवायचं, याला खेळ म्हणत नाहीत. तुम्हीच बघा पुढे काय झालं. प्रॉमिस मोडलं म्हणून डावऱ्या भडकला, त्याच्या बाजूने ड्रेसिंग रूममधली चार-पाच पोरं भडकली, मोठी बिड आल्यावर बोर्डाने माझं न ऐकता मान्य केली. मी तेवढ्यात घासाघीस करून पुढच्या विक्रीच्या नफ्यातले 30 टक्के लिहून घेतले होते. तीन सीझननंतर त्याला जर्मनीतल्या क्लबने घेतलं आणि आमच्या खात्यात अचानक एवढे पैसे आले की चेअरमन जे युथ फॅसिलिटीजला नाही नाही म्हणत होता तो पहिल्या मागणीला हो म्हणाला. त्या नव्या अकादमीतून आलेल्या पोरांवर आम्ही चॅम्पियनशिपमध्ये (दुसऱ्या लेव्हलवर) गेलो. त्या दिवशी अल्ट एफ-फोर मारलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं. एक प्रमोशन मिळालं असतं, बस.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. मी नंतर डार्लिंग्टन सोडलं, पोर्तुगाल, मग हॉलंड असं फिरत राहिलो, पण डार्लिंग्टनचा निकाल रोज बघायचो. डावऱ्या रिटायर झाला, कोचिंग लायसन्स घेतले आणि एके दिवशी न्यूजमध्ये आलं की डार्लिंग्टनचा नवीन मॅनेजर तोच. मी खूश! आणि त्या पठ्ठ्याने मी वर नेलेला क्लब एका सीझनमध्ये खाली पाडला, दुसऱ्या सीझनला ख्रिसमसच्या आधीच त्याला हाकललं. दोस्ताला फोन करून सांगितलं तर तो इतका हसला की बोलता येईना. मी डावऱ्याला माझ्या क्लबमध्ये घेतला. मॅनेजर म्हणून भिकार, पण स्टाफ प्रोफाइल उघडलं तर वर्किंग विथ यंगस्टर्स 18 आणि पर्सनॅलिटी तीच, प्रोफेशनल. हेड ऑफ युथ डेव्हलपमेंट, म्हणजे पोरांच्या अकादमीचा प्रमुख केला.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. हेड ऑफ युथची पर्सनॅलिटी इनटेकमधल्या पोरांवर उतरते. लोक त्या जागेवर कोणालाही बसवतात आणि मग म्हणतात आमच्याकडे चांगले न्यूजेन (गेमने बनवलेले नवीन प्लेअर) येत नाहीत. बोर्डाकडे मागायच्या गोष्टी पण तीन वेगळ्या आहेत, युथ रिक्रूटमेंट म्हणजे कसली पोरं येणार, ज्युनियर कोचिंग म्हणजे ती येतानाच किती तयार असणार, आणि युथ फॅसिलिटीज म्हणजे आल्यावर किती वाढणार. एकच मागून थांबू नका. पोटेन्शियल मात्र जन्माला येताना ठरलेलं असतं, 200 पैकी जे काही असेल ते, आणि ते आपल्याला दिसत नाही. दिसू नयेच. एडिटर (लपलेले आकडे दाखवणारं टूल) टाकून आकडे बघणाऱ्यांशी मी वाद पण घालत नाही, त्यांचा सेव्ह तिथेच मेलेला असतो. (दोस्त बघतो. अर्थात.)

पंधराएक सीझन झाले की खरे प्लेअर जवळपास सगळे रिटायर होतात. बऱ्याच जणांचा सेव्ह इथेच मरतो, कारण एम्बाप्पे नाही, हालांड नाही, सगळी अनोळखी नावं. माझं उलटं आहे. माझा सेव्ह तिथे रंगात येतो, कारण आता या जगातला प्रत्येक माणूस मला माहीत असतो आणि बाहेर कोणालाच माहीत नसतो. अमुक सेंटर बॅकला मी सोळाव्या वर्षी नाकारलं होतं आणि आता तो बायर्नचा कॅप्टन आहे, हे दुःख कोणाला सांगणार? दोस्तालाच सांगतो, शेवटी तोच ऐकतो.

दुसरं म्हणजे क्लब सोडायला शिका. सगळं जिंकून झालंय ना? मग राजीनामा द्या. तुम्ही सगळं जिंकल्यावर तिथेच बसून राहता, मग पुढचे सगळे सीझन एकच सीझन असतो. पेंटॅगॉन म्हणतात ते करा, एकाच सेव्हमध्ये युरोप, आशिया, आफ्रिका, दक्षिण आणि उत्तर अमेरिका, पाचही खंडांची चॅम्पियन्स लीग. किंवा फक्त अकादमीची पोरं, एकही ट्रान्सफर नाही. दोन्ही जुनी चॅलेंज आहेत, पुरून उरतात. माझ्या मते अकादमीवालं जास्त चांगलं, पेंटॅगॉनमध्ये माणसं हातातून पटापट सुटतात. पण ज्याला प्रवासाची हौस त्याला तेच आवडेल, हे मान्य.

कोणता क्लब, तर कुठलाही, ज्याची खरी गोष्ट तुम्हाला सेव्ह सुरू करायच्या आधी माहीत आहे. टॅक्टिकबद्दल मी काही सांगणार नाही. तुमच्या पोरांना काय जमतं ते बघा.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या पण डावऱ्याच्या नादात राहिल्या. डेटाबेस साइज, म्हणजे गेममध्ये किती प्लेअर असणार, ती सेव्ह सुरू करताना ठरवायची असते, नंतर बदलता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपला झेपेल त्यातली मोठी घ्या. लीग मात्र नंतर वाढवता-कमी करता येतात, सुरुवातीला तीन-चार देश पुरे. सगळ्या लीग लावल्या की एक आठवडा पुढे जायला इतका वेळ लागतो की बोअर झालो असं वाटतं, खरं तर लॅपटॉप दमलेला असतो. रोलिंग सेव्ह लावा, म्हणजे दोन-तीन फायली आलटून पालटून. गेम क्रॅश झाला, फाइल करप्ट झाली तर मागच्या फाइलवर जायला माझी काही हरकत नाही, तेवढा कर्मठ मी नाही. क्रॅश आणि क्रॉसबार यात फरक आहे एवढंच.

नवीन व्हर्जन आलं की सेव्ह टाकायची घाई पण करू नका. एफएम 23 चा सेव्ह 24 मध्ये नेता यायचा ही सोय झाली हे चांगलं झालं, आणि 2025 च्या सुरुवातीला एफएम 25 रद्दच झालं तेव्हा लोक रडत होते आणि मी मनातल्या मनात खूश होतो, कारण निदान त्या वर्षी कोणी "अजून जुनंच खेळतोस?" विचारणार नव्हतं.

आणि एक राहिलं, तुम्हाला खरंच फक्त सिटी घेऊन ट्रॉफ्या उचलायला मजा येत असेल तर खुशाल तेच करा, तीन सीझन खेळा, डिलीट करा, नवीन सुरू करा. आमचा दोस्त तसंच करतो आणि सुखात आहे. फक्त मग 30 सीझन कसे खेळायचे हे विचारू नका. आणि पेनल्टी हुकल्यावर रीलोड केलात तर ते मला कमेंटमध्ये सांगायला येऊ नका, त्याला सांगा, त्याला फार आनंद होईल.