नेट ओटीवर, मीटिंग पडवीत

प्रश्न : आमचं घर देवरुखजवळ, जुनं, चिऱ्याचं. राउटर ओटीवर बसवलाय, प्लॅन ५० एमबीपीएसचा. मुलगा आणि सून वर्षभर इथूनच काम करतात, दोघांच्या मीटिंगा मागच्या पडवीत. संध्याकाळी नातीचा ऑनलाइन क्लास असतो आणि तेव्हाच ह्यांची टीव्हीवर मॅच. मीटिंगमध्ये सुनेचा आवाज तुटतो, चित्र गोठतं. मुलगा म्हणतो, २०० चा प्लॅन घेऊ. महिन्याला चारशे रुपये जास्त पडतील. घ्यावा का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, इतक्यात पैसे भरू नका. आधी फळ्यावर मांडतात तसा हिशेब मांडू. एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप. टीव्हीवरचं साधं एचडी चित्र ५ एमबीपीएसमध्ये चालतं. अगदी फोर-के लावलं तरी १५ धरा. व्हिडिओ मीटिंगला माणशी ४ पुरेत, म्हणजे मुलगा, सून आणि नात मिळून १२. बाकीच्या फोनांना ५. सगळं एकाच वेळी चाललं तरी बेरीज ३२ होते. तुमच्याकडे ५० आहेत.

मग अडतंय कुठे? माझ्या मते भिंतीत. ओटी ते पडवी म्हणजे मधे माजघर, स्वयंपाकघर, आणि वीतभर तरी जाडीच्या दोन-तीन भिंती. पावसाळ्यात चिरा ओल धरतो, तेव्हा लहरी आणखीच अडतात. फोनमध्ये वायफायची दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी. (मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.) ते राउटरजवळ जोरात चालतं, पण भिंतीपलीकडे लवकर दम टाकतं. दुसरं हळू, पण लांब पोचतं. आजच पडवीतले लॅपटॉप त्या दुसऱ्या नावावर लावून बघा, थोडा तरी फरक पडेल.

हे मी अनुभवाने सांगतोय. राजापूरच्या आमच्या घरी मुलीचा नोकरीचा इंटरव्ह्यू मागच्या खोलीत दोनदा तुटला. मी घाबरून दुसऱ्याच दिवशी ४० चा प्लॅन १५० चा करून घेतला. तरी तेच. चार महिने जादा पैसे भरल्यावर एकदा लॅपटॉप घेऊन राउटरपाशी बसलो, तर १४० दिसले. तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेला, तर ६. तिचा रडवेला चेहरा आठवून आजही वाटतं, हे मोजायला मी आधीच दहा मिनिटं का काढली नाहीत.

म्हणून तुम्हीही मोजा. राउटरला लॅपटॉप वायरने जोडून स्पीड टेस्ट घ्या, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा. मग तीच पडवीत, वायफायवर. ओटीवर पंचेचाळीसच्या पुढे आणि पडवीत पाच-सात आले, तर दोष भिंतीचा. ओटीवरच रात्री दहा-पंधरा येत असतील, तर लाइनमध्ये खोट आहे. तेव्हा तक्रार करायची, मोठा प्लॅन घ्यायचा नाही. त्याच टेस्टमध्ये अपलोडचा आकडाही बघा. सुनेचं चित्र आणि आवाज बाहेर जातात ते अपलोडवर. काही प्लॅनमध्ये ते डाउनलोडइतकंच असतं, काहींत बरंच कमी.

भिंतीवरचा उपाय म्हणजे वायर. ओटीवरून माळ्यावरून पडवीपर्यंत कॅट-६ लॅन केबल ओढायची आणि तिकडच्या टोकाला दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावायचा, म्हणजे वायरने आलेलं नेट तो तिथे वायफायने पसरवील. मला २२ मीटर केबल, राउटर आणि वायरमनची मजुरी मिळून बावीसशे रुपये लागले, तेही एकदाच. दुकानदार बिनवायरचा रिपीटर पुढे करील. तो पडवीत लावलात तर भिंतीतून आलेला तोच अशक्त सिग्नल पुढे पाठवील. माझ्या घरी त्याने काही साधलं नाही.

२०० कधी घ्यावेत? मुलाला रोज मोठ्या फायली उतरवायच्या असतील तर. एमबीपीएसला आठाने भागलं की सेकंदाला किती एमबी येतात ते कळतं. ५० मध्ये सहाच्या आसपास, म्हणजे दोन जीबीची फाइल साडेपाच मिनिटांत येते. २०० मध्ये दीड मिनिटाच्या आत. पण राउटरचं पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची जागा, १०० एमबीपीएसचं असेल तर २०० चा प्लॅन घेऊनही शंभराच्या आतच राहाल, हे आधी तपासा. सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा, आणि महिन्याला किती जीबीनंतर स्पीड उतरतो तेही विचारा.

वायरमन घरात आलाच आहे तर आणखी एक काम करून घ्या. फायबरचा डबा, ओटीवरचा राउटर आणि पडवीतला नवा राउटर, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एक जरी राहिला तरी लाइट गेल्यावर पडवीतली मीटिंग बंद पडेल.