खुराक मिळतो, इनाम कुणाचं?

पहिल्याच भेटीत वडिलांनी कॅमेऱ्यासमोर एक लाल चोपडी धरली. त्यांचं सांगलीजवळ खताचं दुकान आहे. उधारीची चोपडी असते तशीच ही, फक्त हिच्यावर मुलीचं नाव होतं. आठव्या वर्षी घेतलेल्या पहिल्या रॅकेटपासून कोचची फी, बूट, तारा, बालेवाडीच्या फेऱ्या, दिल्ली-चेन्नईच्या स्पर्धांची तिकिटं, लॉजचं भाडं, सगळं तारीखवार लिहिलेलं. "61 लाख 40 हजार," ते म्हणाले. "आणि तिकडं अमेरिकेत कॉलेजची पोरं आता खेळायचा पगार घेत्यात म्हणं. आमची पोर काय लष्करच्या भाकऱ्या भाजाय गेलीय?"

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. भेटीची वेळ खरं तर आईने मागितली होती, आणि तिची काळजी वेगळीच होती. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये टेनिसच्या शिष्यवृत्तीवर तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी दोन महिने घरी धड बोलत नव्हती. "बरी आहे, प्रॅक्टिस आहे" एवढं म्हणून फोन ठेवायची. (कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडिलांचा प्रश्न आता माझ्याकडे वरचेवर येतो. टेनिस, पोहणं, स्क्वॉश, गोल्फ अशा खेळांवर मुलांना तिकडे पाठवलेले पालक विचारतात, कॉलेज एवढं कमावतं तर खेळणाऱ्याच्या हातात काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून जे त्यांना सांगितलं ते आधी लिहिते.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्याकडचं आंतरमहाविद्यालयीन नव्हे. तिथलं कॉलेज फुटबॉल (आपल्याला माहीत असलेलं नव्हे, अमेरिकन फुटबॉल) आणि पुरुषांचं बास्केटबॉल हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. प्रशिक्षकांना कोटींमध्ये पगार असतो आणि खेळणाऱ्याला 'स्टुडंट-ॲथलीट' म्हणतात. हा शब्दही सहज आलेला नाही. 1950 च्या दशकात एनसीएए या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेने तो रूढ केला. जखमी झालेला किंवा दगावलेला खेळाडू कामगार ठरला असता, तर कॉलेजवर भरपाईची जबाबदारी आली असती. 1955 मध्ये कोलोरॅडोत एक फुटबॉलपटू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने भरपाईसाठी दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण खेळाडू नोकर नव्हता, विद्यार्थी होता. पुढची साठेक वर्षं हेच सूत्र चाललं.

मग 2021 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादांविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. याला तिकडे एनआयएल म्हणतात. जून 2025 मध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे 2.8 अब्ज डॉलर, आणि यापुढे करारात सामील झालेल्या विद्यापीठांनी खेळाडूंना थेट वाटा द्यायचा, 2025-26 साठी प्रत्येकी जास्तीत जास्त सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. खटल्याला ज्याचं नाव आहे तो ग्रँट हाउस जलतरणपटू आहे. पण त्या भरपाईची वाटणी ठरली ती साधारण अशी: 75 टक्के फुटबॉलला, 15 टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, 5 टक्के महिलांच्या बास्केटबॉलला. उरलेल्या 5 टक्क्यांत बाकीचे सगळे. पुढचा वाटाही बरीच विद्यापीठं याच मापाने देतात.

"म्हणजे टेनिस त्या पाचात," वडील म्हणाले.

"हो. आणि तुमची मुलगी त्या पाचातही नाही. ती विद्यार्थी व्हिसावर आहे."

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर, खास परवानगी नसेल तर, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही कॅम्पसवरच, एवढंच काम करता येतं. तिथे बसून जाहिरातीचा व्हिडिओ केला आणि पैसे घेतले, तर ते विनापरवाना काम ठरू शकतं आणि व्हिसा जाऊ शकतो. विद्यापीठाच्या थेट वाट्याबद्दल वकिलांमध्येच एकमत नाही, त्यामुळे परदेशी मुलांच्या बाबतीत अनेक विद्यापीठं हात आखडता घेतात. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक इडी हा कॅनडाचा मुलगा लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, तरी संघातल्या अमेरिकन मुलांसारखे करार त्याला करता येत नव्हते.

इथवर मी पंचेचाळीस मिनिटं बोलले होते. आई तेवढा वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली होती. वीस वर्षं हे काम करूनही माझी ही खोड जात नाही. कुणी माहिती विचारली की मी शिक्षिका होते. मुलगी का बोलत नाही, हा ज्या प्रश्नासाठी फोन आला होता, तो तसाच राहिला.

तिच्याशी स्वतंत्र बोलले ते पुढच्या आठवड्यात. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे सकाळचे अकरा. जिममधून आली होती, खांद्यावर बर्फाची पिशवी. आठवडा विचारला तर तिने बोटांवर मोजला. नियमाने खेळासाठी आठवड्याला 20 तास. पण प्रवास त्यात धरत नाहीत आणि फिजिओकडचा वेळही नाही. गुरुवारी बसने निघायचं, रविवारी रात्री परतायचं, स्टॅटिस्टिक्सचा पेपर हॉटेलच्या लॉबीत लिहायचा. पैशांबद्दल तिने स्वतःहून एकच गोष्ट सांगितली. गावातल्या एका रेस्टॉरंटने तिच्या डबल्सच्या जोडीदाराशी करार केला. भिंतीवर फोटो लागला. मूळ फोटो दोघींचा होता, जिंकल्यावर काढलेला. हिला करारात घेता येत नव्हतं म्हणून कापला.

"माझा हात राहिलाय त्यात," ती म्हणाली. "तिच्या खांद्यावर. मी तिथे जेवायला जाते तेव्हा बिल देते."

मग म्हणाली, "बाबांना सांगू नका, ते तिथे फोन करतील."

तिला घरी बोलायचं नव्हतं, कारण प्रत्येक फोन शेवटी चोपडीवर यायचा. वडील मागायचे नाहीत, फक्त वाचायचे. यंदा तारांचा खर्च किती वाचला, रुपया किती घसरला. मामाचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तो म्हणत होता, तिथूनच आमच्या बुटांचे रील टाक, पैसे इकडे देतो. ती नको म्हणाली तर घरात 'पोरीला शिंगं फुटली' झालं. खरं तर तिला व्हिसाची भीती होती, पण भीती सांगितली तर आई झोपायची नाही, म्हणून तिने बोलणंच सोडलं.

तिच्या मोबाइलमध्येही एक हिशेब निघाला. शिष्यवृत्तीत काय काय येतं ते तिने डॉलरमध्ये मांडलं होतं: फी, खोली, जेवण, पुस्तकं, गुडघ्याचा एमआरआय. खाली आणखी एक ओळ होती, खोली आणि जेवणाच्या रकमेवर परदेशी विद्यार्थ्याचा 14 टक्के कर कापतात ती. खेळाचा मोबदला नाही म्हणायचं, कर मात्र उत्पन्नासारखा घ्यायचा, हे मला अजून पटलेलं नाही. हा हिशेब तिने वडिलांना पाठवला नव्हता. "पाठवला तर वाटेल मी पावती देतेय."

तिसरी भेट सगळ्यांची एकत्र. या वेळी आजोबाही आले, बोलावलेले नव्हते. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत राहिलेले, कान अजून चपटे. मुलीने आपला हिशेब वाचला, वडिलांनी आपला. दोघांचेही आवाज चढले. वडील म्हणाले, "खाशाबा जाधवांना कुणी दिलं हुतं पैसे? खेळायचं म्हणून खेळले."

आजोबांनी तिथेच अडवलं. 1952 ला खाशाबा हेलसिंकीला गेले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात कुणाला सांगावी लागत नाही. "कुणीतरी दिल्याबिगर कुणी जात नसतंय," ते म्हणाले. मग नातीकडे वळले.

"पोरी, खुराक मिळतोय न्हवं?"

"मिळतो, आबा."

"आणि इनाम?"

तिला हसू आलं. मलाही तोवर हे इतकं सरळ सुचलं नव्हतं. तालमीत दूध, तूप, बदाम हा खुराक. तो राजाने दिला, गावाने दिला, कुणी घरून आणला, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मैदान मारलं की इनाम, ते पैलवानाचं. खुराक दिला म्हणून इनामावर हक्क सांगणारा वस्ताद तालमीत टिकला नसता. अमेरिकन कॉलेजने शंभर वर्षं हेच केलं, खुराक दिला आणि इनाम ठेवून घेतलं. टेनिसमध्ये तर बाहेर जिंकलेलं इनामही सोडावं लागायचं. 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची फिओना क्रॉली पात्रता फेऱ्या जिंकून यूएस ओपनच्या मुख्य फेरीत पोचली. कॉलेजकडून खेळत राहायचं म्हणून सुमारे 81 हजार डॉलरच्या बक्षिसातला खर्च वगळता सगळा भाग तिला सोडावा लागला.

तेव्हा माझं मत विचाराल तर खेळाडूंना मोबदला मिळायलाच हवा. तो या मुलीपर्यंत तिच्या कॉलेजच्या काळात पोचेल असं मात्र मला वाटत नाही, आणि हे मी वडिलांना तसंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "एमआरआय कधी काढला?"

गुडघ्याचं घरी कुणाला माहीतच नव्हतं. उरलेला अर्धा तास गुडघ्यावर गेला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आई बोलली.

मामाच्या रीलचं मात्र मी सोडलं नाही. अनेक परदेशी खेळाडू असे करार अमेरिकेबाहेर असताना करतात. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे हा काँगोचा बास्केटबॉलपटू 2022 मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा तिथे त्याने ते केले. सुट्टीत सांगलीत असताना हिलाही जमू शकेल. पण आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि खेळ विभागाच्या नियम पाहणाऱ्या कार्यालयाला ईमेल करायचा, उत्तर लेखी घ्यायचं, आणि ते येईपर्यंत मामाच्या बुटांचा एक फोटोही टाकायचा नाही. मी वकील नाही, मामा तर नाहीच नाही. तिने ईमेल केला. पहिल्या कार्यालयाचं उत्तर आलं: थांब. दुसऱ्याचं अजून यायचंय. मामा फुगून बसलाय.

फोन आता रविवारी येतो, बसमधून. एकदा तिने त्या रेस्टॉरंटच्या फोटोचं घरी सांगितलं. वडिलांनी तिथे फोन केला नाही. आजोबांनी तो फोटो मागवून घेतला आणि चष्मा लावून नातीचा हात पाहिला.

शेवटच्या भेटीनंतर वडिलांनी माझ्या फीची पावती मागितली. मी सहज विचारलं, चोपडीत लिहिणार का?

"लिहिणार की," ते म्हणाले. "पर माझ्या खात्याला. तिच्या न्हाई."