चारचौघांत शांत आणि ठाम राहायला पुरुषाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय २६ आहे, चारचौघांत गेलं की भराभर बोललं जातं, कुणी आवाज चढवला की एकतर तोंडातून शब्द फुटत नाही नाहीतर दुप्पट ओरडलं जातं, आणि रात्री तेच डोक्यात घोळत राहतं. तुमच्या वयात माझं अगदी असंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छाती पुढे, खांदे मागे, आवाज जाड, हे सल्ले मी वर्षभर मनापासून पाळले. त्याने मी शांत झालो नाही, नुसता ताठ झालो. दोन मिनिटं ऐटीत उभं राहिलं की शरीरातली हार्मोन्स बदलतात, असं २०१० मध्ये एका संशोधनात म्हटलं होतं. २०१५ मध्ये २०० जणांवर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा हार्मोन्समध्ये तसा फरक सापडला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनीच जाहीर केलं की या परिणामावर आपला आता विश्वास नाही. पाठ सरळ जरूर ठेवा, पण मुख्य काम तिथे नाही.

मुख्य काम घाई सोडण्याचं आहे. मला ते एका बैठकीत कळलं. वरिष्ठ मला काही विचारत होते आणि प्रश्न अर्ध्यावर असतानाच मी उत्तर सुरू केलं. ते बोलतायत, मीही बोलतोय. मग ते थांबले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अहो, प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या." आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. घरी आल्यावर लक्षात आलं की मला गप्प राहण्याची भीती वाटते. क्षणभर थांबलो तर याला काही येत नाही असं लोक म्हणतील, ही ती भीती.

२००९ साली दहा भाषांमधल्या बोलण्याचा अभ्यास झाला, त्यात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढं निघालं. त्यामुळे एक सेकंद थांबलं तरी आपल्याला ते फार लांबल्यासारखं वाटतं. समोरच्याला मात्र एवढंच दिसतं की हा विचार करून बोलतोय. तेव्हा प्रश्न पुरता संपू द्या, श्वास सावकाश सोडा आणि मग बोला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्या.

आणि वाक्याचा शेवट गिळू नका. "मला वाटतं आपण हे पुढच्या आठवड्यात करू... म्हणजे, तुम्हाला पटलं तर... नाही तर राहू द्या." हे माझंच वाक्य, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलेलं. "करू" वर थांबायला मला कित्येक महिने लागले.

आता ओरडण्याबद्दल. "मुलगा असून रडतोस?" हे ऐकत आपण वाढतो आणि चेहरा दगडासारखा ठेवणं म्हणजेच शांत असणं, असं धरून चालतो. पण आत दाबलेलं लपत नाही. २००३ च्या एका प्रयोगात, ज्यांना भावना चेहऱ्यावर दिसू न देता बोलायला सांगितलं होतं, त्यांच्यासमोर बसलेल्यांचाही रक्तदाब वाढला. त्या जोड्या स्त्रियांच्या होत्या, पण पुरुषांच्या बाबतीत मी हेच घडताना पाहिलंय. घुम्या बापासमोर अख्खं घर अवघडून बसतं.

याच्या उलट माझ्या एका वयस्कर सहकाऱ्याचं. एकदा सगळ्यांसमोर एकजण त्यांच्यावर भडकला. यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं, त्याला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाले, "ही चूक माझी आहे. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो. पण असं ओरडून बोललेलं मला चालणार नाही." तिन्ही वाक्यं एकाच आवाजात. मला त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यात कठीण वाटतं. चूक असेल तर ती सबबी न सांगता मान्य करता येणं, आणि त्याच दमात आपली मर्यादाही सांगता येणं, हे ज्याला जमतं त्याला दरारा दाखवावा लागत नाही. लगेच जमलं नाही तर "मला आत्ता राग आलाय, दहा मिनिटांनी बोलतो" असं सांगून उठा, आणि दहा मिनिटांनी खरंच परत या. परत न येणं म्हणजे अबोला.

रात्री जे घोळतं त्यातलं बहुतेक समोरच्याच्या लक्षातही नसतं. तरी एक प्रश्न स्वतःला विचारा: आज माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं का? उत्तर हो असेल तर सकाळी त्या माणसाला फोन करा. "काल मी तोडून बोललो, माफ करा," एवढं बोला आणि त्यापुढे स्पष्टीकरण देऊ नका. मी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा हात थरथरत होता. त्या रात्री झोप मात्र लागली.