‘ओळखले’ की ‘ओळख पटवली’?

प्रश्न असा आहे: समुद्रातल्या जेलीसारख्या जीवांवरच्या लेखात एकाने ‘शरीररचना आणि डीएनए या दोन्हींवरून प्राण्याची ओळख पटवली’ असे लिहिले. संपादकाने ते खोडून ‘प्राणी ओळखला’ केले. शेरा: ‘ओळख मृतदेहाची पटवतात.’

शेरा मजेशीर आहे, पण मी लेखकाच्या बाजूने.

‘ओळखणे’ला नुसता अंदाजही चालतो. ‘ओळखा पाहू!’ म्हणतो तेव्हा आपण समोरच्याला तर्कच करायला सांगतो. ‘ओळखण्यात चूक झाली’ हे सहज म्हणता येते. आता ‘चुकीची ओळख पटली’ म्हणून पाहा, जीभ अडखळते. कारण ‘पटण्या’त ताडून पाहणे आहे. खूण पटते ती आधी ठाऊक असलेल्या खुणेशी जुळली की.

या विषयात तर हा फरक हवाच. टेनोफोर हे अंगावर सूक्ष्म केसांच्या ‘कंगव्यां’च्या आठ ओळी असलेले जीव (मी त्यांना कंगवाजेली म्हणतो). उत्तर बाल्टिक समुद्रात सापडलेले काही इवलेसे टेनोफोर अमेरिकेच्या किनाऱ्यांवरून आलेल्या उपद्रवी ‘निमिऑप्सिस’ची पिल्ले म्हणून ओळखले गेले होते. दिसायला तसेच, दोन शुंडके असलेले. डीएनए ताडला तेव्हा ते निघाले ‘मर्टेन्सिया’, थंड पाण्यातला वेगळाच जीव. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आधी *ओळखले*, मग *ओळख पटली*. ‘ओळखले’ दोन्हीकडे वापरले, तर गोष्टीतला जीवच जातो.

नुसत्या रूपावर भिस्त ठेवता येत नाही, कारण ही शरीरे टिकतच नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये कित्येक टेनोफोर विरघळतात, वर फॉर्मॅलिन डीएनएही खराब करते. अल्कोहोलमध्ये डीएनए राहतो, पण देह आक्रसतो. म्हणून जिवंतपणी फोटो काढायचे आणि एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा. मग खुणा दोन्हीकडून पटवायच्या.

एक अपवाद मात्र सांभाळा. २०१५ साली पोर्तो रिकोजवळ सुमारे ३,९०० मीटर खोलीवर कॅमेऱ्यात दिसलेला एक टेनोफोर विज्ञानाला नवाच होता. नमुना हाती नसताना, फक्त चित्रफितीवरून, २०२० मध्ये त्याला ‘ड्युओब्रॅकियम स्पार्क्सी’ नाव मिळाले. तिथे ‘ओळख पटवली’ लिहू नका. जुळवायला आधीची खूणच नव्हती. तिथे ‘वर्णन केले’, ‘नाव दिले’.