माफीच्या साक्षीदाराला बोलू दे

प्रिय पोरी,

तुझी संहिता रविवारी दुपारी एका बैठकीत वाचली, रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा वाचली. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात तुझी एकांकिका पाहिली होती, तेव्हाच वाटलं होतं की या मुलीला माणसं ऐकू येतात. इथेही ती ऐकू येतात, फक्त एक सोडून. तुझा मुख्य गुन्हेगार बोलायला लागला की मला तो दिसेनासा होतो. चाळिसाव्या पानावर तो बापाच्या पट्ट्याबद्दल, अंधाऱ्या खोलीबद्दल, उपाशी रात्रींबद्दल दीड पान बोलतो. ते पान काढून टाक. वाईट लिहिलंय म्हणून नव्हे, चांगलंच लिहिलंय. पण तिथे तू प्रेक्षकाच्या हातात किल्ली देतेस, आणि तो कुलूप लावून घरी जातो.

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरून हे लिहावंसं वाटलं, असं तू सोबतच्या चिठ्ठीत म्हटलंयस. त्या वेळी मी नऊ-दहा वर्षांची होते. आमचा वाडा सदाशिव पेठेत. दिंडी दरवाजा दिवसभर सताड उघडा, कुणीही यावं, ओट्यावर टेकावं, पाणी मागावं. 1976च्या ऑक्टोबरअखेर जोशींच्या घरातले तिघं गेले आणि 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकरांकडचे पाच जण. त्यानंतर वडिलांनी लोहाराकडून साखळी करून आणली. संध्याकाळी सातला रस्ते ओस पडत. आजी आतूनच ‘कोण?’ विचारायची आणि ओळखीचा आवाज आला तरी पुन्हा विचारायची. कारण मारेकरी दार फोडून आत शिरत नव्हते, घंटा वाजवत होते. मोठी माणसं म्हणत, हे कुणीतरी बाहेरगावचे असणार, आपल्याकडची माणसं असं करणार नाहीत. मग 1977च्या मार्चमधल्या शेवटच्या खुनानंतर मुलं पकडली गेली. ती टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात शिकणारी होती. स्केचबुक काखेत मारून अमृततुल्यात चहा प्यायला बसणारी. वडील त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं आठवतं. दहा खून, नायलॉनची दोरी, आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी. हे आकडे तुला कुठेही मिळतील. ‘आपल्याकडची’ या शब्दाला त्या दिवशी जे झालं ते कागदपत्रांत सापडणार नाही. तुला लिहायचं असेल तर ते लिही.

म्हणून तुला एक चित्रपट पाहायला सांगणार आहे. अनुराग कश्यप यांचा ‘पांच’. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी 1998च्या ‘सत्या’चं लेखन त्यांनी सौरभ शुक्ला यांच्यासोबत केलं होतं. ‘पांच’चं बीज या पुण्याच्या प्रकरणातलंच. हिंसा, अमली पदार्थ, शिवराळ भाषा यांवर सेन्सॉर मंडळाने हरकत घेतली. पुढे काटछाट करून परवानगी मिळाली, पण थिएटरात तो कधी लागलाच नाही. मी तो पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या घरी पाहिला, पेनाने नाव खरडलेल्या सीडीवर. चित्र मधूनमधून फाटत होतं. तरी आम्ही दोघी संपल्यावर बराच वेळ उठलो नाही. इतक्या नेटक्या व्यक्तिरेखा असलेल्या पहिल्या चित्रपटाला तिकीटबारीच मिळू नये याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यांनी पाहिला तेही बहुतेक त्यातल्या रक्ताबद्दल आणि शिव्यांबद्दलच बोलतात.

गोष्ट साधी आहे. मुंबईतला एक रॉक बँड, पाच जण: लूक, मुर्गी, जॉय, पाँडी आणि शिउली. अल्बमसाठी पैसे हवेत. निखिल नावाचा श्रीमंत घरचा मित्र स्वतःच्याच खोट्या अपहरणाला तयार होतो. मग लूकचा संताप आवरत नाही आणि खोट्या अपहरणाचा खरा खून होतो. तिथून परतीची वाट बंद. शेवट मी सांगत नाही, तो तुझा तू बघ.

लूकची भूमिका के के मेनन यांनी केली आहे. (ते आपल्या पुणे विद्यापीठातून एमबीए झालेले, हे मला फार उशिरा कळलं.) सगळे त्यांच्या अभिनयाचं कौतुक करतात आणि ते खरंच आहे. पण तू लूककडे कमी बघ. पहिल्यांदा पाहशील तेव्हा नजर त्याच्यावरच खिळेल, म्हणून दुसऱ्यांदा पाहा आणि बाकीच्या चौघांकडे बघ. ते सतत लूकचा चेहरा वाचत असतात. आज हवा कशी आहे, हसलं तर चालेल का, उठून जाता येईल का. त्यांच्या या वाचनातून लूक मोठा होतो. गांजा, छप्पर, बँडचं स्वप्न, सगळं त्याच्याभोवती फिरतंय. त्यामुळे ‘नाही’ म्हणणं रोज थोडं थोडं महाग होत जातं. तुझ्या संहितेतले तीन साथीदार मात्र नुसते उभे आहेत. त्यांना काय हवंय, कशाची भीती आहे, ते मला कळलं नाही.

आणि आता मुर्गी. ‘सीआयडी’मधला अभिजीत म्हणून तुला ठाऊक असलेले आदित्य श्रीवास्तव. अख्खी गोष्ट मुर्गी पोलिसांसमोर बसून सांगतोय. मला हे दुसऱ्यांदा पाहताना उमगलं आणि अंगावर काटा आला. आपण जो लूक बघतो, तो मुर्गीने सांगितलेला लूक आहे! तो इतका भयंकर असण्यात मुर्गीचा फायदा आहे. म्हणजे लूक खोटा आहे असं नव्हे. पण त्याला इतका काळा रंग देणारा हात कुणाचा, हा प्रश्न एकदा पडला की संपूर्ण चित्रपट वेगळा दिसतो.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे बघ: माफीचा साक्षीदार. स्वतः गुन्ह्यात सामील, पण माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा. पुण्याच्या खटल्यातही त्या मुलांचा एक वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला. 1986 साली नाना पाटेकरांचा मराठी चित्रपट आला, त्याचं नावच ‘माफीचा साक्षीदार’. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 306 वाचून घे. माफी मिळते ती एका अटीवर: जे ठाऊक आहे ते पूर्ण आणि खरं सांगायचं. आणि आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवतात. विचार कर, स्वतःच्या हाताने केलेलं पूर्ण आणि खरं सांगायचंय, आणि तेच सांगून सुटायचंय. अशा माणसाच्या प्रत्येक वाक्यात दोन माणसं बोलत असतात. तुझी व्यक्तिरेखा तिथे आहे. तुझ्या संहितेत तो चौथा मुलगा, जो गाडीपाशी थांबतो आणि आत जात नाही, त्याला तू अकरा संवाद दिलेस. मी मोजले. गोष्ट त्याच्या तोंडी दे.

भाषेचं सांगते, कारण इथे मराठी तुझ्या हाती एक हत्यार देते. ‘मी मारलं’ म्हणायच्या ऐवजी आपण ‘माझ्याकडून मारलं गेलं’ म्हणू शकतो, ‘हात उचलला गेला’ म्हणू शकतो, नुसतं ‘झालं’ म्हणू शकतो. करणारा वाक्यातून अलगद निघून जातो. आणि आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. तुझ्या म्होरक्याला ‘आपण’ वापरू दे. ‘आपण जाऊ, आपण बघू, आपण ठरवलंय ना?’ समोरच्याला न विचारता आत ओढणारा तो शब्द आहे. साक्ष देताना तोच चौथा मुलगा आधी ‘आम्ही’ म्हणेल, मग दहा मिनिटांनी ‘ते तिघं’ म्हणायला लागेल. तो कुठल्या वाक्यात ‘आम्ही’तून बाहेर पडतो, ते वाक्य शोधायला तुला महिना लागला तरी चालेल. पोलीस अधिकाऱ्याने त्याला त्यावर टोकू नये. प्रेक्षकाला ऐकू येईल.

हे घरात बसून सुचणार नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जा. खुल्या न्यायालयात कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. उलटतपासणी ऐक. खून-दरोड्याचीच हवी असं नाही, शेजाऱ्यांच्या मारामारीची चालेल. वकिलाने तेच तिसऱ्यांदा विचारल्यावर साक्षीदार कुठे बघतो, पाणी कधी मागतो, ‘आठवत नाही’ किती वेगवेगळ्या आवाजांत म्हणतो, हे वहीत उतरव. नावं उतरवू नकोस.

नावांवरून आठवलं. तुझ्या संहितेत खरी आडनावं आहेत, बंगल्याचं खरं नाव आहे, मुलांची वयंही तीच. ते सगळं बदल. त्या घरांतली माणसं, त्यांचे नातलग याच शहरात असतील, लक्ष्मी रोडवर खरेदीला जात असतील. कश्यप यांनी पुणं उचललं नाही, वाडे-बंगले उचलले नाहीत, म्हातारी माणसं उचलली नाहीत. एका टोळक्यातली पकड तेवढी उचलली आणि ती मुंबईतल्या पोरांच्या हातात गिटार देऊन मांडली. त्यामुळे त्यांना मोकळेपणाने कल्पना करता आली आणि कुणाच्या दुःखावर पायही पडला नाही. तुला पुणंच हवं असेल तर पुणं ठेव, मला आवडेल. आमच्या वाड्याची साखळी घे, आजीचं दोनदा ‘कोण?’ विचारणं घे. ते माझं आहे, मी तुला दिलं.

शिउलीबद्दल लिहायचं राहिलं. तेजस्विनी कोल्हापुरे यांनी केलेली. तुझ्या टोळीत एकही मुलगी नाही आणि संहितेत इतरत्र ज्या बायका आहेत त्या फक्त रडतात, याबद्दल आपण भेटल्यावर बोलू. पत्रात ते नीट मावणार नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी घरी ये. चाळिसावं पान नसलेली संहिता आण, आणि त्या चौथ्या मुलाच्या साक्षीची पहिली चार पानं. हाताने लिहिलेली चालतील. बेल बिघडली आहे, दार वाजव. मी आतून ‘कोण?’ विचारेन, ती माझी लहानपणापासूनची सवय आहे.

तुझी,
मावशी