उपाशी कृमी, पोटभर कृमी: पहिला प्रयोग

भुकेवरच्या प्रयोगासाठी सी. एलेगन्स हा इवलासा कृमी निवडलात हे बरं केलंत. चेतापेशी जेमतेम 302, तरी भूक लागली की वागणं बदलतं. सुरुवातीला तेवढंच बघा. एकाच वयाचे प्रौढ कृमी घ्या. काही जिवाणूंच्या थरावर (तेच त्यांचं अन्न) राहू देत, काही 30 मिनिटं उपाशी. मग सगळ्यांना ताज्या थरावर सोडा, 5 मिनिटं थांबा आणि 20 सेकंदांत अंगाला किती वळणं पडतात ते मोजा. खाल्लेले थोडे मंदावतात. थराच्या स्पर्शाने डोपामिन हे चेतापेशींमधलं रसायन काम करतं, त्यामुळे. उपाशी फारच मंदावतात, ते सेरोटोनिन या तशाच दुसऱ्या रसायनामुळे.

नेहमीच्या चुका:
- कृमी बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) न धुणं. अंगाला जिवाणू चिकटलेले असले तर उपास कसला!
- प्लेट टेबलावर आपटणं. धक्क्याने ते पळतात.
- बेळगावचा एप्रिल. 20 अंश राखा, 25 च्या वर नकोच.

औषधं, म्यूटंट (जनुकात बदल असलेले कृमी) यांना इतक्यात हात लावू नका.