मेकॅनिकल व्हॉल्व्ह, अ‍ॅसिट्रॉम आणि वरखाली होणारा आयएनआर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५४, मायट्रल व्हॉल्व्हच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेच्या) जागी मेकॅनिकल म्हणजे कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलाय, अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची) एकदा १.७ येतो आणि पुढच्या महिन्यात ५.२. दर वेळी डोस बदलतो. नेमकं चुकतंय काय, आणि ज्यांना टेस्ट लागत नाही त्या नव्या गोळ्या का देत नाहीत?

मायट्रलच्या जागी मेकॅनिकल व्हॉल्व्ह असेल तर आयएनआर साधारणपणे २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. आईसाठी नेमकी रेंज कोणती धरली आहे ते डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. ५.२ ला घरात धावपळ होते, १.७ ला मात्र सगळे निवांत, कारण तेव्हा दुखत-खुपत काहीच नाही. मला १.७ ची भीती जास्त वाटते. मायट्रलच्या जागी रक्ताचा वेग कमी असतो, तिथे गुठळी लवकर धरते.

इतका मोठा फरक सहसा गोळीच्या दोषाने येत नाही. कारण न शोधता डोस हलवला की ते कारण आपोआप सरतं आणि पुढचा रिपोर्ट उलट्या टोकाला जातो. १.७ आणि ५.२ च्या आधीच्या दहा दिवसांत घरात काय वेगळं घडलं, ते आधी आठवून बघा.

सुरुवात रक्त काढण्यापासून करा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव) आधीच भरलेलं असतं. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हवं. रक्त खुणेपर्यंत भरलं नाही तर सायट्रेट जास्त होतं, गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. हाताची शीर सापडत नाही म्हणून पाऊण ट्यूबवर भागवलं असेल, तर तो ५.२ खरा असेलच असं नाही. ट्यूब भरली का, हे आईला तिथेच बघायला सांगा. लॅब शक्यतो एकच ठेवा.

गोळी संध्याकाळी घ्यायची, रक्त सकाळी द्यायचं. अ‍ॅसिट्रॉमचा अंश शरीरातून वॉरफरिन या तशाच दुसऱ्या गोळीपेक्षा बराच लवकर उतरतो, त्यामुळे टेस्टची वेळ बदलली की आकडाही थोडा बदलतो. शिवाय दुपारी रिपोर्ट आला तर त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात, कारण आधीच बनलेले गोठण घटक रक्तातून सावकाश संपतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी पुन्हा टेस्ट करून फार काही कळत नाही; पाच-सात दिवसांनी करा. आकडा स्थिर झाला की महिन्यातून एकदा पुरते.

आता स्ट्रिप. अ‍ॅसिट्रॉम १, २, ३, ४ मि.ग्रॅ. अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. केमिस्टने '२ नाही, ४ ची घ्या, अर्धी करा' म्हटलं आणि घरी अर्धी करायची राहून गेली, हा नेहमीचा घोटाळा. 'एक दिवस २, एक दिवस ३' असा डोस असेल तर 'काल कोणती होती?' यावर रोज खल होतो. त्यापेक्षा वार ठरवून घ्या: सोम-बुध-शुक्र ३, बाकी दिवशी २. आठवड्याची बेरीज १७ मि.ग्रॅ. डॉक्टरही बदल आठवड्याच्या बेरजेवरच करतात, साधारण ५ ते १५ टक्क्यांचा. कॅलेंडरवर गोळी घेतल्यावरच खूण करा, आधी नाही. रात्रीची गोळी झोपण्याआधी आठवली तर घ्या. सकाळी आठवली तर ती सोडून द्या, वहीत नोंदवा आणि रात्री नेहमीचाच डोस. दोन एकदम नाहीत.

पालेभाज्या बंद करा, हा सल्ला ऐकू नका. पालक, मेथी, शेपू, अळू, शेवग्याचा पाला यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण त्रास होतो तो प्रमाण बदलल्याने. आठवड्यातून तीनदा वाटीभर खात असतील तर तेवढंच चालू ठेवा, डोस त्यावर बसवता येतो. महिनाभर पालेभाजी बंद आणि मग हिवाळ्यात रोज मेथी, याने आयएनआर घसरतो. उलट बाजू जास्त विसरली जाते: श्रावणातले सलग उपास, ताप, जुलाब, चार दिवस पेजेवर काढणं, याने तो चढतो. आमटीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीने काही होत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र दुसऱ्या गोळ्यांचा. जुलाबांवरची मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गावरची को-ट्रायमॉक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, तोंडात लावायची मायकोनाझोल जेल, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडारोन: या सगळ्यांनी आयएनआर वाढतो. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची कार्बामाझेपिन तो खाली ओढतात. अँटिबायोटिक सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत टेस्ट, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा. ५.२ च्या आधी असा एखादा कोर्स झाला होता का, हा पहिला प्रश्न विचारा.

गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक नको. आयएनआर ठीक असला तरी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण रोज २ ग्रॅमच्या आत आणि मोजके दिवस. कंबरेत इंजेक्शन घेऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. दात काढायचा असेल तर स्वतःहून गोळी बंद करू नका; आयएनआर आटोक्यात असेल तर गोळी चालू ठेवून, टाका घालून दात काढता येतो. गुग्गुळ, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल टाळा. फोडणीतली हळद-लसूण चालते.

आयएनआर ५.२ आहे पण रक्तस्राव नाही, तर बहुधा एक-दोन डोस वगळायला सांगून पुन्हा टेस्ट करतात. घरच्या घरी व्हिटॅमिन के देऊ नका. जास्त दिलं गेलं तर नंतर गोळी लागू पडत नाही आणि व्हॉल्व्हला गुठळीपासून संरक्षण उरत नाही. डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं: सरळ हॉस्पिटल. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी तपासून सीटी स्कॅन करून घ्या. आणखी एक: मेकॅनिकल व्हॉल्व्हची टिकटिक शांत खोलीत आईला स्वतःला ऐकू येत असेल. ती अचानक मंद झाली किंवा बंद पडली, किंवा नव्याने धाप लागू लागली, तर त्याच दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला हवा.

राहिल्या नव्या गोळ्या. डॅबिगॅट्रान मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या रुग्णांवर वापरून पाहिली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वॉरफरिनपेक्षा जास्त झाले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. अपिक्साबान या दुसऱ्या नव्या गोळीची एऑर्टिक (हृदयातून महाधमनीत जाण्याच्या तोंडाशी बसवलेल्या) मेकॅनिकल व्हॉल्व्हवरची चाचणीही २०२२ मध्ये गुठळ्यांमुळे थांबली. शेजारच्या काकांना पायातल्या गुठळीसाठी अशी नवी गोळी चालते, पण त्यांच्या हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह नाही. केमिस्टने 'हीच पण भारी' म्हणून ती पुढे केली तर घेऊ नका.